हात दुखतोय? क्रोशाची सुई लगेच कपाटात ठेवू नका



हात दुखतो म्हणून क्रोशा सोडून दिलेल्या बायका माझ्याकडे बऱ्याच येतात. त्या क्रोशासाठी आलेल्या नसतात. बीपी, शुगर, थायरॉइड तपासायला येतात आणि बोलता बोलता विषय निघतो. "आधी पुष्कळ विणायचे हो, आता सोडलं. मनगट धरायचं." कोणी सोडायला सांगितलं, असं विचारलं तर डॉक्टरांचं नाव क्वचितच येतं. नवऱ्याने सांगितलेलं असतं, मुलाने सांगितलेलं असतं, शेजारणीने सांगितलेलं असतं.

यात एक गंमत तुमच्याही लक्षात येईल. हात दुखतो म्हणून "भाकरी थापणं बंद कर" असं घरात कोणी म्हणत नाही. "कपडे पिळू नकोस", "पाण्याच्या बादल्या उचलू नकोस" असंही फारसं कोणी म्हणत नाही. बंद होतं ते क्रोशाकाम, कारण त्याच्यावाचून कोणाचं काही अडत नाही. जिचं अडतं ती बोलत नाही.

म्हणून आजचा लेख थोडा वेगळा आहे. हात कशाने दुखतो, क्रोशा करताना तो कसा सांभाळायचा, कोणत्या वस्तू विणताना काय काळजी घ्यायची, हे सगळं सांगते. मी स्वतः शाळेत असल्यापासून विणते. पहिली साखळी आजीने शिकवली. आता पंचावन्न पार केल्यावर अंगठ्याचा सांधा अधूनमधून कुरकुरतो, त्यामुळे खाली दिलेल्या युक्त्या मी स्वतः वापरलेल्या आहेत.

दुखतंय नेमकं कुठे?

"हात दुखतो" एवढ्यावरून डॉक्टरला फार काही कळत नाही. एका बोटाने जागा दाखवा. जागेवरून अर्धं निदान होतं.

अंगठ्याच्या बाजूला, मनगटाशी दुखत असेल तर बहुधा 'डी क्वेर्वेन' नावाचा त्रास असतो. अंगठा हलवणाऱ्या दोन स्नायुरज्जू, म्हणजे दोऱ्यांसारखे पट्टे, तिथे एका अरुंद बोगद्यातून जातात. बोगद्याचं आवरण जाड झालं की त्या घासू लागतात. अंगठा मुठीत घेऊन मूठ करंगळीच्या बाजूला हळूच वाकवा. कळ निघाली तर शंका घ्यायला जागा आहे. ही चाचणी एकदाच आणि हलक्या हाताने करा.

अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग, एवढ्याच ठिकाणी मुंग्या येत असतील, रात्री त्यामुळे जाग येत असेल आणि हात झटकला की बरं वाटत असेल, तर मनगटातून जाणारी नस दाबली जात असावी. याला 'कार्पल टनेल सिंड्रोम' म्हणतात. मधुमेह, थायरॉइड कमी असणं, गरोदरपण आणि वाढलेलं वजन यात हा त्रास जास्त दिसतो. म्हणजे विणकाम न करणाऱ्यांनाही तो होतो.

मूठ उघडताना एखादं बोट अडकत असेल आणि 'टक्' करून सरळ होत असेल, तर त्याला 'ट्रिगर फिंगर' म्हणतात. मधुमेह असलेल्यांमध्ये हे जास्त दिसतं.

अंगठ्याच्या मुळाशी, तळहाताकडच्या मांसल उंचवट्याजवळ दुखत असेल, बरणीचं झाकण उघडताना किंवा कुलपात किल्ली फिरवताना कळ येत असेल, तर तो सांध्याच्या झिजेचा त्रास असू शकतो. पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये तो बराच आढळतो.

दोन्ही हातांची लहान सांधी सुजलेली असतील आणि सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून जास्त वेळ बोटं आखडलेली राहत असतील, तर वाट पाहू नका. तो संधिवात असू शकतो. त्यासाठी रक्ततपासणी आणि वेळेवर उपचार लागतात.

एका काकूंची गोष्ट

ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलते. काकू साठीच्या पुढच्या, मधुमेहाच्या. मुलगा सोबत आला होता. आत येताच म्हणाला, "डॉक्टर, तुम्हीच सांगा आता आईला, ते क्रोशा बंद कर म्हणून. आमचं ऐकत नाही."

काकू म्हणाल्या, "अरे, तीन महिने झाले, सुई हातात धरलेली नाही."

मुलाला हे माहीत नव्हतं.

तीन महिने सुई बंद असूनही दुखणं वाढलेलं होतं. मग त्यांना म्हटलं, सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत हाताने काय काय करता ते क्रमाने सांगा. त्यांनी सांगितलं. नातू सात-आठ महिन्यांचा. सून नोकरीवर गेली की दिवसभर यांच्याकडे. त्याला उचलायचं कसं, तर दोन्ही काखांत हात घालून, अंगठे वर ताणून, दिवसातून कितीतरी वेळा. त्याचे कपडे हाताने धुऊन पिळायचे. दोन्ही वेळच्या भाकऱ्या. क्रोशा होतं तेव्हा दुपारी नातू झोपल्यावर, जेमतेम पाऊण तास.

तान्ह्या बाळांच्या आया आणि त्यांना सांभाळणाऱ्या आज्या, दोघींमध्ये डी क्वेर्वेन नेहमी दिसतो. काखेत हात घालून बाळ उचलताना सगळा भार त्याच दोन स्नायुरज्जूंवर येतो. काकूंची चाचणी केली तर त्या कळवळल्याच.

उपाय फार मोठे नव्हते. बाळाला एका हाताने कुल्ल्यांखालून आणि दुसऱ्या हाताने पाठीमागून आधार देऊन, तळहात वर ठेवून, उराशी धरून उचलायचं. कपडे पिळायचं काम घरातल्या दुसऱ्या कोणीतरी घ्यायचं. अंगठा आणि मनगट दोन्ही स्थिर ठेवणारा पट्टा काही आठवडे बांधायचा. तेवढ्याने पुरतं बरं वाटेना, तेव्हा अस्थिरोगतज्ज्ञांनी त्या जागी एक स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. मधुमेह असेल तर अशा इंजेक्शननंतर काही दिवस साखर वाढू शकते, म्हणून त्या काळात ती तपासत राहावं लागतं. तेही केलं.

काकूंना पुन्हा विणता येऊ लागलं, पण पहिल्यासारखं नाही. पूर्वी त्या बारीक सुती दोऱ्याची तोरणं करत. दिवाळीच्या आधी ओळखीतून मागणी यायची आणि त्याचे पैसे त्यांचे स्वतःचे असायचे. बारीक दोरा आणि बारीक सुई अंगठ्याला आता मानवत नाही. त्या जाड लोकरीवर आल्या. "तोरणाची सर याला नाही," असं त्या मला अजून ऐकवतात. खरंच आहे ते. सगळंच परत मिळतं असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण हातात काहीच न उरण्यापेक्षा हे बरं, असं त्याच म्हणतात.

मुलाला मी एकच विचारलं होतं, "दुखण्यासाठी आईचं एक काम कमी करायचं ठरलं, तर कोणतं करशील?" आता धुण्याची पिळवणूक त्याच्याकडे आहे.

सुईच जबाबदार असते तेव्हा

दुसरी बाजूही सांगायला हवी. लोकरीची छोटी प्राणीबाहुली करून विकणाऱ्या तरुण मुली आता खूप आहेत. अशीच एक आली. बोटं बधिर व्हायची. रोज सहा-सात तास काम, गादीवर मान खाली घालून. बाहुलीतला कापूस बाहेर दिसू नये म्हणून लोकरीला हवी त्याहून बारीक सुई आणि अगदी घट्ट टाके. तिच्या बाबतीत कारण क्रोशाच होतं. तिला काही आठवडे काम थांबवायला सांगावं लागलं. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा दिला, थायरॉइडही तपासलं. पुन्हा सुरू केलं ते वेळ वाटून आणि बसण्याची पद्धत बदलून.

म्हणून क्रोशा निर्दोष आहे असा माझा दावा नाही. दोषी ठरवण्याआधी दिवसाचा हिशेब मांडा, एवढंच म्हणणं आहे.

हात सांभाळणाऱ्या युक्त्या

१. सुईची मूठ जाड करा. बारीक दांडी धरायला बोटांना जास्त जोर लावावा लागतो. जुन्या सुती कापडाची पट्टी दांडीवर घट्ट गुंडाळून दोऱ्याने बांधा, किंवा पेन्सिलीला लावायची रबरी पकड बसवा.

२. पकड बदलत राहा. कोणी सुई पेन्सिलीसारखी धरतं, कोणी सुरीसारखी. दोन्ही बरोबर आहेत. एक पकड दमली की दुसरी घ्या. सुरुवातीला टाके वेडेवाकडे येतील, चार दिवसांत जमेल.

३. दोरा ओढू नका, सरकू द्या. करंगळीभोवती एक वेढा देऊन दोरा तर्जनीवरून घ्या. गुंडी पातेल्यात किंवा खोल वाटीत ठेवा, म्हणजे ती घरभर पळणार नाही आणि दर टाक्याला हिसका बसणार नाही.

४. पायाची साखळी सैल घाला. ती घट्ट झाली की पहिल्या ओळीत सुई घुसवताना मनगटावर जोर येतो, शिवाय कड आवळून कापड धनुष्यासारखं वाकतं. सोपा उपाय म्हणजे साखळी एक नंबर मोठ्या सुईने घाला आणि पुढचं काम नेहमीच्या सुईने करा.

५. मोजणीचं ओझं डोक्यावर ठेवू नका. दर वीस टाक्यांना एक सेफ्टी पिन अडकवा. चुकलं तर शेवटच्या पिनेपर्यंतच उसवावं लागतं.

६. कोपरांना आधार द्या. मांडीवर उशी घ्या, तिच्यावर हात टेकवा आणि काम डोळ्यांकडे आणा. मान कामाकडे नेऊ नका.

७. उजेड बाजूने येऊ द्या. उजव्या हाताने विणत असाल तर दिवा डाव्या खांद्यामागे हवा. काळी किंवा गडद लोकर असेल तर मांडीवर पांढरा पंचा पसरा, पांढरा दोरा असेल तर गडद कापड. भोकं लगेच दिसतात. चाळिशीनंतर जवळचं दिसायला त्रास होतो, पण म्हणून रस्त्यावरचा तयार चष्मा घेऊन भागवू नका. नंबर काढायला गेलात की डोळ्यांचा दाब आणि पडदाही तपासून घेता येतो. मधुमेह असेल तर पडदा दरवर्षी तपासायलाच हवा.

८. वीस-पंचवीस मिनिटांनी थांबा. हात समोर ताठ करून तळवा वर धरा, दुसऱ्या हाताने बोटं खाली ओढून पंधरा सेकंद थांबा. मूठ पाच वेळा उघडा-मिटा, खांदे गोल फिरवा, उठून पाणी प्या.

आठवी युक्ती सगळ्यांना पटते आणि कोणीच पाळत नाही, कारण "एवढी ओळ झाली की उठते" असं प्रत्येक ओळीला वाटतं. म्हणून मी काम निवडतानाच ते तुकड्यांचं निवडते.

एका बैठकीत एक चौकोन

चार पदरी लोकर आणि ४ मिलिमीटरची सुई घ्या. चार साखळ्या घालून त्यांचं कडं करा. आता तीन साखळ्या घाला, हा पहिला खांब समजायचा. कड्यात आणखी दोन खांब घाला, मग दोन साखळ्या. पुढे 'तीन खांब, दोन साखळ्या' असं तीन वेळा करा. सुरुवातीच्या तिसऱ्या साखळीत सुई घालून दोरा ओढा आणि वेढा बंद करा. चार पाकळ्या आणि चार कोपरे झाले. पुढच्या वेढ्यात प्रत्येक कोपऱ्यात तीन खांब, दोन साखळ्या, तीन खांब घाला आणि एका कोपऱ्यातून दुसऱ्याकडे जाताना एक साखळी. तिसऱ्या वेढ्यापासून बाजूंवरच्या एका साखळीच्या फटीतही तीन-तीन खांब येतील. चार वेढे झाले की थांबा. दोरा वीतभर ठेवून कापा आणि बोथट सुईने तो टाक्यांतून आधी एका दिशेने, मग उलट दिशेने ओवा. असा दुहेरी ओवलेला दोरा धुण्यात सुटत नाही.

एक चौकोन झाला की बैठक संपली. असे चौकोन साठवत गेलात की थंडीपर्यंत मांडीवर घ्यायची शाल होते. सगळी लोकर एकदम घ्या आणि वेष्टनावरचा लॉट नंबर सारखा आहे ना ते पाहा, नाहीतर रंगात फरक पडतो.

विणलेल्या वस्तू वापरताना

आता डॉक्टर म्हणून काही काळजीच्या गोष्टी.

बाळंतविड्यातले मोजे आणि हातमोजे जाळीचे करू नका. बाळाची बोटं जाळीच्या भोकांत अडकतात. त्याहून मोठा धोका आतल्या सुट्या दोऱ्यांचा. असा दोरा किंवा आईचा एखादा केस बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला जातो, बोट सुजतं, दोरा आणखी रुततो आणि रक्तपुरवठा बंद होऊ शकतो. म्हणून घट्ट मुक्या खांबांनी विणा, टोकं नीट ओवा आणि प्रत्येक वेळी घालण्याआधी मोजा उलटा करून पाहा. बाळ पोट भरूनही सारखं रडत असेल, कारण सापडत नसेल, तर मोजे काढून हातापायाचं प्रत्येक बोट तपासा. दोरा रुतलेला दिसला आणि सहज निघाला नाही, तर ताबडतोब रुग्णालयात जा. टोपड्याला लांब बंद, मणी, बटणं लावू नका. नवजात आणि कमी वजनाच्या बाळाला टोपीची गरज असते. पण मोठ्या झालेल्या बाळाला उकाड्यात जाड टोपी घालून झोपवू नका. अंगातली उष्णता अडकते आणि टोपी तोंडावर सरकू शकते.

आजी-आजोबांसाठी लोकरीच्या सपाता विणत असाल तर तळाला रबराचा किंवा खरखरीत चामड्याचा तळवा शिवा. गुळगुळीत फरशीवर नुसती लोकर घसरते आणि या वयात एका घसरण्याने खुब्याचं हाड मोडतं. मधुमेहाने पायाची संवेदना कमी झाली असेल तर आतल्या गाठी टोचलेल्या कळत नाहीत. गाठ आत ठेवूच नका, आणि रोज रात्री तळपाय पाहा.

गरम भांडी धरायचे चौकोन फक्त सुती दोऱ्याचे, दुपदरी करा. दुकानात 'लोकर' म्हणून मिळते ती बऱ्याचदा अॅक्रिलिक असते. ती उष्णतेने वितळते आणि त्वचेला चिकटते.

आणखी एका उपयोगाबद्दल फार बोललं जात नाही. कर्करोगामुळे स्तन काढावा लागलेल्या बायकांसाठी मऊ सुती दोऱ्याचे कृत्रिम स्तन विणले जातात. ते ब्लाउजच्या आत, ब्रेसियरमध्ये ठेवतात. हलके असतात, धुता येतात, घाम कमी येतो. आपल्या देशातही बायका ते विणून गरजूंना मोफत देतात. शस्त्रक्रियेची जखम पूर्ण भरल्यावर, आपल्या डॉक्टरांना विचारून ते वापरता येतात. तुमच्या घरात कोणाला गरज असेल तर संकोच न करता विचारा.

मनाचं काय?

ऑस्ट्रेलियातील वोलोंगाँग विद्यापीठाच्या संशोधकांनी क्रोशा करणाऱ्या जगभरातल्या सुमारे ८,४०० जणांना प्रश्न विचारले होते. दहांपैकी जवळजवळ नऊ जणांनी क्रोशाने शांत वाटतं असं सांगितलं. यातून फार मोठा निष्कर्ष काढू नका. ज्यांना आवडतं तेच विणतात आणि तेच उत्तर देतात. क्रोशाने नैराश्य बरं होतं किंवा बीपीची गोळी सुटते असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

पण अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर तासन्‌तास बसलेले नातेवाईक मी इतकी वर्षं पाहते आहे. ज्यांच्या हातात काही काम असतं, त्यांना थांबणं जरा सोसतं, एवढं मी पाहिलं आहे.

उलट गोष्टही लक्षात ठेवा. आवडीने विणणारी बाई दोन-तीन आठवडे सुईला हात लावत नसेल, हात दुखत नसतानाही "मनच लागत नाही" म्हणत असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर ते आळसाचं लक्षण समजू नका. तिला डॉक्टरांकडे न्या.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

दोन आठवडे विश्रांती देऊनही दुखणं कमी नसेल; बोटं बधिर राहत असतील; हातातून कप सुटत असेल; अंगठ्याखालचा उंचवटा खोल गेल्यासारखा दिसत असेल; सांधा लाल, गरम आणि सुजलेला असेल, तर दाखवून घ्या. मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणून आठवडेच्या आठवडे घेऊ नका. मूत्रपिंड आणि जठर दोन्हींना त्या महागात पडतात. आणि छातीत दडपण, घाम, धाप यांच्याबरोबर हात दुखत असेल तर तो विणकामाचा हात नाही. तडक रुग्णालय गाठा.

तपासायला याल तेव्हा दोन गोष्टी करा. आदल्या दिवशी हाताने काय काय केलं त्याची यादी आणा, आणि विणकाम सोबत घेऊन या. तुम्ही सुई कशी धरता ते पाहिल्यावर मला बरंच कळतं. वेळ असेल तर नमुनाही विचारून घेईन.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. प्रत्यक्ष तपासणीला ती पर्याय नाही.)